आयडिया सोडा, कटकट शोधा!

नोकरी सोडून 'आपलं काहीतरी' सुरू करायचंय? मग लॅपटॉप बंद करा आणि तळेगावच्या पुढचा रस्ता धरा. धंद्याजोगी अडचण कशी ओळखायची, हे मावळातल्या माणसांना १८९० पासून ठाऊक आहे!

ऑफिसच्या पॅन्ट्रीत दर सोमवारी एक डायलॉग ठरलेला असतो. 'यार, आता बास झालं. आपलं काहीतरी सुरू करू या.' मग कॉफी मशीनपाशी दहा मिनिटं आयडियांचा पाऊस पडतो. क्लाउड किचन, पेट स्पा, एआयवर चालणारं काहीतरी... अप्रायझलच्या महिन्यात तर हा पाऊस धो धो कोसळतो. मीटिंगची वेळ झाली की सगळे आपापल्या खुर्चीत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

माझ्या ग्रुपमधल्या दोघांनी मात्र खरोखर पेपर टाकलेत. फ्लॅटचे हप्ते सुरू आहेत, पीएफवर डोळा आहे आणि घरी अजून धड सांगितलेलं नाही. त्यांना मी एकच प्रश्न विचारला, 'नेमकी कुणाची अडचण सोडवताय?' दोघांनीही मला लोगो दाखवला.

हसू नका. निम्मं जग असंच सुरू होतं. 'सीबी इनसाइट्स' या अमेरिकी संस्थेने २०१४ मध्ये १०१ बंद पडलेल्या स्टार्टअप्सची कारणं गोळा केली होती. त्यातल्या ४२ टक्क्यांच्या बाबतीत एक कारण समान होतं. ते विकत होते त्या गोष्टीची बाजारात कुणाला गरजच नव्हती. पैसा होता, माणसं होती, मेहनतही होती. नव्हती ती फक्त अडचण!

चारशे डॉलरचं ज्यूस

या प्रकारातलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'ज्युसेरो'. २०१६ मध्ये अमेरिकेत हे ज्यूस काढायचं मशीन बाजारात आलं. किंमत ६९९ डॉलर, नंतर उतरवून ३९९. वाय-फायला जोडायचं, कंपनीचंच फळं-भाज्यांचं पाकीट आत ठेवायचं आणि ग्लास भरायची वाट बघायची. गुंतवणूकदारांनी यात सुमारे १२ कोटी डॉलर ओतले होते. एप्रिल २०१७ मध्ये 'ब्लूमबर्ग'च्या पत्रकारांनी ते पाकीट नुसतं हाताने पिळून बघितलं. ज्यूस जवळजवळ तेवढंच निघालं! सप्टेंबरमध्ये कंपनीने शटर खाली ओढलं.

मशीन वाईट नव्हतं हो. ज्या कटकटीवर ते उत्तर होतं, ती कटकट कुणालाच नव्हती.

मावळ टू चर्चगेट

आता याच्या बरोब्बर उलटी गोष्ट. नायक आपल्याच पुणे जिल्ह्यातले.

१८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत शंभरेक माणसं हाताशी धरून डबे पोहोचवायचं काम सुरू केलं. तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. पांढरी टोपी, सायकल, डोक्यावर डब्यांचा क्रेट. यांच्यावर २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने केस स्टडी केली, हे तुम्ही एखाद्या ट्रेनिंगमध्ये ऐकलंही असेल. पण त्या ट्रेनिंगमध्ये सगळी चर्चा होते ती 'सिस्टीम'ची. डब्याच्या झाकणावरचे रंग, अक्षरं, आकडे, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा डबा आणि बाराच्या ठोक्यानंतर टेबलावर हजर होणारं जेवण... सिस्टीम सॉलिडच आहे. पण ती नंतर आली. आधी आली ती कटकट.

कटकट कुठली? साहेबाचं ऑफिस कोटात, घर उपनगरात. गाडी सकाळची, तेव्हा घरी पोळ्या व्हायच्या असतात. लोकलच्या गर्दीत डबा घेऊन चढणं म्हणजे युद्ध. रोज हॉटेलात खाणं खिशाला परवडत नाही आणि पोटालाही. शिवाय प्रत्येकाला आपल्याच घरची चव हवी. पारशाची वेगळी, गुजरात्याची वेगळी, सारस्वताची वेगळी.

गंमत बघा. डबेवाल्यांनी जेवण बनवलं नाही, डबा तयार केला नाही, लोकलही त्यांची नाही. घरातलं जेवण आणि ऑफिसातली भूक यांच्यामधलं अंतर तेवढं त्यांनी उचललं. आणि हे अंतर रोजचं होतं. आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे बारा महिने. गिऱ्हाईक पगारदार, म्हणून पैसेही महिन्याच्या महिन्याला. याला म्हणतात धंद्याजोगी अडचण!

या गोष्टीला एक कडू शेपूटही आहे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि सव्वाशे वर्षांहून जुना हा धंदा एका झटक्यात बसला. कितीतरी जण गावी परतले. लोकल सुरू झाली, पण वर्क फ्रॉम होम राहिलंच, आणि डब्यांची संख्या पहिल्यासारखी झाली नाही. घरी बसलेल्या माणसाला घरचा डबा कशाला हवा? म्हणजे अडचण शोधून काम संपत नाही. ती अजून जागेवर आहे का, तेही बघत राहावं लागतं.

नवलाख उंबऱ्यांत एक शनिवार

ज्या मावळाने मुंबईची कटकट सोडवली, त्याच मावळात आज कुणाच्या काय कटकटी आहेत? हे बघायला मी जुलैतल्या एका शनिवारी नवलाख उंबरेला गेले. लोकलने तळेगाव, पुढे इंद्रायणी ओलांडून आंबी आणि मग नवलाख उंबरे. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला तळेगाव एमआयडीसीच्या लांबलचक शेड्स. मोठमोठ्या कंपन्यांच्या पत्त्यात या गावाचं नाव छापलेलं असतं. इथल्या औद्योगिक पट्ट्याला 'फ्लोरिकल्चर पार्क' म्हणतात, कारण पॉलीहाउसमधली गुलाबशेती ही मावळची दुसरी ओळख. व्हॅलेंटाइन डेला इथले गुलाब परदेशात जातात.

मी ठरवून एकाही माणसाला 'तुमचा प्रॉब्लेम काय?' असं विचारलं नाही. हा प्रश्न विचारला की लोक सरकारवर बोलायला लागतात. मी फक्त बघत बसले आणि वहीत लिहीत गेले.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरल्या त्या पाट्या. 'रूम भाड्याने देणे आहे', 'मेस चालू आहे'. पाळीत काम करणारी पोरं मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेली. एका खोलीत तिघं-चौघं. फर्स्ट शिफ्टवाल्याला पहाटे निघावं लागतं, तेव्हा मेस उघडलेली नसते. टपरीवर चहा आणि बिस्किटाचा पुडा, हाच नाश्ता. सेकंड शिफ्टवाला रात्री उशिरा परततो तेव्हा मेसमधली भाजी गार आणि पोळी वातड झालेली.

थांबा, हे कुठेतरी ऐकलंय ना? ऑफिस लांब, वेळ आडनिडी आणि तोंडाला घरची चव हवी. १८९० मध्ये मावळातली माणसं मुंबईत गेली आणि तिथे त्यांना जी कटकट दिसली, तीच आज मावळात भाड्याच्या खोलीत राहायला आलीय!

वहीतली दुसरी नोंद कपड्यांची. मावळातला पाऊस म्हणजे चार महिने उन्हाची सुट्टी. कंपनीचा गणवेश दोन जोड, आणि तो रोज स्वच्छ हवा. त्या दिवशी जिकडे बघावं तिकडे खोल्यांच्या दारांतून दोरीवर लटकलेले शर्ट दिसत होते. आत पंखा फुल स्पीडला. एक जण ओलसर शर्टावर इस्त्री फिरवून तो अंगातच वाळवायच्या बेतात होता. त्याला ही 'समस्या' वाटतच नव्हती. पावसाळ्यात असंच असतं म्हणे.

माझ्या मते सोनं इथेच असतं. माणूस ज्याची तक्रार करतो त्यापेक्षा ज्याला तो सरावलाय, ते नीट बघा.

तीन चाळण्या

म्हणून लगेच नवलाख उंबरेत ड्रायरचं दुकान टाकू नका! वहीतली प्रत्येक नोंद आधी तीन चाळण्यांतून जाऊ द्या.

*पहिली: किती वेळा?* रोज टोचणारा खडा हा वर्षातून एकदा येणाऱ्या संकटापेक्षा भारी. डबा रोजचा. गणवेश रोजचा, पण चारच महिने. मग उरलेल्या आठ महिन्यांत तुमची मशीन्स काय करणार, याचं उत्तर आधी हवं.

*दुसरी: आज त्यावर काय खर्च होतोय?* पैसा, वेळ किंवा जुगाड, यापैकी काहीतरी दिसलंच पाहिजे. बिस्किटाचा पुडा म्हणजे पैसा. पंख्याखाली वाळवणं म्हणजे वेळ आणि वीज. जिथे लोक काहीच करत नाहीत, तिथे त्यांचं फारसं दुखत नाही, असं खुशाल समजा.

*तिसरी: पैसे देणार कोण?* तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकने सगळेच वैतागलेत. रोजची कटकट आहे, वेळही जातोय. पण रस्ता रुंद करायचं काम तुमचं नाही, आणि जाममध्ये अडकलेला माणूस तुम्हाला त्याचे पैसेही देणार नाही. याउलट लेट येणाऱ्या कामगारामुळे लाइन अडते ती कंपनी कदाचित देईल. त्रास एकाचा आणि पाकीट दुसऱ्याचं, असं बऱ्याचदा असतं. दोघांनाही भेटा.

मधल्या माणसाला भेटा

भेटण्यावरून आठवलं. २००५ च्या दिवाळीत बेंगळुरूमध्ये नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या इंजिनिअरला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. अशी दिवाळी आपल्यातल्या निम्म्या जणांनी काढलीय. फरक इतकाच की सामा आणि त्यांचे मित्र चिडून गप्प बसले नाहीत. ते ट्रॅव्हल एजंट आणि बसमालकांकडे जाऊन बसले. तेव्हा कळलं, की कुठल्या गाडीत किती सीट रिकाम्या आहेत, हे एजंटलाही फोन केल्याशिवाय समजत नव्हतं. खरी गाठ तिथे होती. त्यातून २००६ मध्ये 'रेडबस' सुरू झाली आणि २०१३ मध्ये इबिबो ग्रुपने ती विकत घेतली.

आणि गिऱ्हाईक 'नको' म्हणालं तर?

म्हणेलच! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तो १९०३ मध्ये. लाकडी नांगर लवकर झिजायचा, खोल जायचा नाही. अडचण खरी होती. तरी शेतकरी लोखंडी नांगराला हात लावेनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मधल्या काळात तग धरायला खिशात काहीतरी लागतं. म्हणून राजीनाम्याची घाई नको!

आणि गिऱ्हाइकाला जे आवडतं ते काढून घेऊ नका. मावळातलाच दाखला देते. आंबेमोहोर तांदळाचा वास जीव की प्राण, पण पीक उंच वाढून आडवं व्हायचं आणि उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 'वास विसरा' असं सांगितलं नाही. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर केला आणि १९८७ मध्ये वाण आला, 'इंद्रायणी'. वास राहिला, उतारा वाढला. आज पुण्यातल्या घराघरांत तोच भात शिजतो.

नोटीस पीरियडच्या आधी एवढं कराच

• महिनाभर एक छोटी वही खिशात ठेवा. रोज तीन कटकटी लिहा. त्यातल्या दोन तरी दुसऱ्याच्या हव्यात.

• 'माझं अॅप वापराल का?' असं विचारू नका. तोंडावर सगळे 'हो' म्हणतात. 'मागच्या वेळी काय केलंत? किती पैसे गेले?' हे विचारा.

• आपल्यासारख्यांना सोडून बघा. शिफ्टवर जाणारा मुलगा, पॉलीहाउसमधल्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका यांच्याकडे अजून कुणी पिच डेक घेऊन गेलेलं नाही.

• दहा माणसांची कटकट हाताने, फोनवरून, स्कूटरवरून सोडवून बघा. वीकएण्डला. अॅप नंतर. डबेवाल्यांकडे कुठे सॉफ्टवेअर होतं?

• दहापैकी तिघांनी दुसऱ्या महिन्याचे पैसे स्वतःहून दिले, तर घरी सांगायला हरकत नाही. आधी आईला सांगा, मग एचआरला.

• आणि लोगो? तो सगळ्यात शेवटी!