साच्यातून आलेला माणूस

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ.स. 100 ते 800 या काळात नांदलेल्या मोचे समाजातले कुंभार माणसाच्या मस्तकाच्या आकाराची भांडी घडवत. ती साच्यातून काढलेली असल्यामुळे त्यांत खरी माणसं शोधू नयेत, असं म्हटलं जाऊ शकतं. मला नेमकं उलट वाटतं. कुंभाराचं चाक त्यांच्याकडे नव्हतं. आधी हाताने मूळ मस्तक घडवायचं, त्यावर माती दाबून पुढचा आणि मागचा असा दोन भागांचा साचा काढायचा, तो भाजून त्यात ओली माती थापायची. अर्धी मस्तकं जोडल्यावर वरच्या भोकातून बोटं घालून सांधा आतून लिंपायचा, बाहेरून घोटून नाहीसा करायचा आणि माथ्यावर कमानीसारखी पोकळ नळी व तिची एकुलती तोटी बसवायची. मूळ मस्तक करणाऱ्या हाताने नाकाचा बाक किंवा गालाची सूज एकदा अचूक पकडली, की साचा ती जशीच्या तशी जपतो. पुढे लाल आणि पिवळसर पांढऱ्या मातीचे लेप देताना एकाच साच्यातल्या भांड्यांवर शिरोवस्त्राची आणि चेहऱ्यावरच्या रंगाची नक्षी बदललेली दिसते. वेश बदलता आहे, चेहरा मात्र नाही.

हे चेहरे एखाद्या देवाचे किंवा ठरावीक नमुन्याचे असतील, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर देतो तो वरच्या ओठावर व्रण असलेला पुरुष. अभ्यासक ख्रिस्तोफर डोनन यांनी त्याची चाळीसहून अधिक भांडी एकत्र मांडली. त्यांत तो दहाएक वर्षांच्या मुलापासून पस्तिशीच्या आसपासच्या माणसापर्यंत वाढत जातो. नमुन्याला वय चढत नाही. शिवाय मुलापासून प्रौढापर्यंत एवढे टप्पे दाखवायचे, तर पुन्हा पुन्हा नवं मूळ मस्तक घडवावं लागलं असणार. भांडी थडग्यांत सापडली म्हणून ती केवळ मृतांसाठी होती असंही नाही. पुरण्याआधी ती वापरल्याच्या खुणा अनेकांवर आहेत. प्रौढ स्त्रियांचे चेहरे मात्र यांत जवळजवळ नाहीत. सगळ्या समाजाचं दर्शन इथे घडत नाही, हे मान्य करायलाच हवं.

यातली बहुतेक भांडी चोरट्या खोदकामातून बाहेर आली, त्यामुळे कोणतं कोणाच्या शेजारी पुरलं होतं हे कायमचं पुसलं गेलं. म्हणून जगभरच्या संग्रहालयांनी विखुरलेली एकाच साच्यातली मस्तकं निदान छायाचित्रांतून तरी शेजारी शेजारी मांडावीत.