डॉक्टरांची गंगाजळी : कमाई उशिरा, जोखीम अधिक

परकीय चलनाच्या साठ्याची बातमी देताना मराठी वृत्तपत्रे ‘गंगाजळी’ हा शब्द हमखास वापरतात. ग्वाल्हेरमध्ये मात्र गंगाजळी म्हणजे शिंदे घराण्याचा किल्ल्यातील गुप्त खजिना. या खजिन्याची सांकेतिक खूण केवळ राज्यकर्त्यालाच ठाऊक असे. १८८६ मध्ये जयाजीराव शिंदे निवर्तले, तेव्हा पुत्र माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. खूण सांगायची राहून गेली आणि वारसाला आपल्याच संपत्तीचा पत्ता पुढे बराच काळ लागला नाही, अशी हकिकत सांगितली जाते.

त्याच शहरात १९४६ मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जयाजीरावांच्या नावाचे जयारोग्य रुग्णालय त्याला संलग्न आहे. तेथून बाहेर पडणारा तरुण डॉक्टर असो वा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणारा, दोघांपुढील आर्थिक प्रश्न सारखाच असतो. उत्पन्न चांगले असते, परंतु ते उशिरा सुरू होते आणि सर्वस्वी एकाच व्यक्तीच्या प्रकृतीवर अवलंबून असते.

उशिराची किंमत

एमबीबीएसला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाला ३ आणि अतिविशेष शिक्षणाला आणखी ३ वर्षे लागतात. प्रवेश परीक्षांच्या तयारीची वर्षे धरली, तर स्थिर कमाई सुरू होईपर्यंत तिशी उलटते. अभियंता मात्र बाविसाव्या वर्षी नोकरीला लागतो. त्याने दरमहा १० हजार रुपये गुंतवले आणि वार्षिक १० टक्के परतावा गृहीत धरला, तर साठाव्या वर्षी सुमारे ५ कोटी १६ लाख रुपये जमतात. बत्तिसाव्या वर्षी तेवढ्याच रकमेने आरंभ करणाऱ्या डॉक्टरचे सुमारे १ कोटी ८३ लाख होतात. प्रत्यक्ष भरलेल्या रकमेत फरक केवळ १२ लाखांचा आहे; उरलेला फरक चक्रवाढीचा. तो भरून काढायचा, तर डॉक्टरला दरमहा सुमारे २८ हजार रुपये बाजूला काढावे लागतील. त्यामुळे पहिल्या मोठ्या उत्पन्नाबरोबर मोठी गाडी आणि मोठे घर घेण्याचा मोह पुढे महागात पडतो.

आधी संरक्षण

गुंतवणुकीपूर्वी विम्याचा विचार करावा लागतो. कुटुंबासाठी शुद्ध मुदत विमा, स्वतःसाठी आरोग्य विमा आणि अपंगत्वाची भरपाई देणारा अपघात विमा हे तीन आधार आवश्यक आहेत. शल्यविशारदाच्या हाताला इजा झाली, तर प्राण वाचूनही व्यवसाय थांबू शकतो. चौथा आधार व्यावसायिक दायित्व विम्याचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून भरपाईचा दावा ही प्रत्येक डॉक्टरसाठी वास्तव शक्यता आहे.

विमा आणि बचत एकत्र बांधणाऱ्या योजनांत बहुधा संरक्षण अपुरे आणि परतावाही बेताचाच मिळतो. वेळ नसलेल्या डॉक्टरांकडे अशा योजना घेऊन येणाऱ्यांची वाण नसते. विक्रेत्याला कमिशन कोण देते, हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. म्युच्युअल फंडांत कमिशनविरहित ‘डायरेक्ट’ पर्याय जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहे.

कराचे गणित

रुग्णालयात मानद तज्ज्ञ म्हणून मिळणाऱ्या व्यावसायिक शुल्कातून सर्वसाधारणपणे १० टक्के करकपात होते. एवढ्याने कर संपला, असा समज अनेकांना वर्षअखेरीस अडचणीत आणतो. उत्पन्न वरच्या टप्प्यातील असल्यास उरलेला कर अग्रिम स्वरूपात भरावा लागतो. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख व्यवहार ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत असलेल्या डॉक्टरला जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची गृहीत कर योजना निवडता येते. दवाखाना आणि घर यांची खाती वेगळी असतील, तर हा हिशेब सोपा होतो.

भाग आणि कर्जरोखे

पुढे ग्वाल्हेरच्या गादीवर आलेल्या माधवरावांनी उद्योगातही पैसा गुंतवला. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीने खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, तेव्हा ते सर्वच्या सर्व त्यांनी घेतले. भागधारक नफ्यातोट्याचा वाटेकरी असतो. कर्जरोखेधारकाला ठरलेले व्याज मिळते आणि परतफेडीत त्याचा हक्क भागधारकाच्या आधी येतो. डॉक्टरचा स्वतःचा व्यवसाय हाच एका अर्थी मोठा, अनिश्चित ‘भाग’ आहे. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याचे हप्ते भागतील एवढी रक्कम सुरक्षित ठेवींत असणे हितावह. एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्यानंतरची दीर्घ मुदतीची बचत भविष्य निर्वाह निधी आणि विस्तृत समभाग फंड यांत विभागता येते.

खूण सांगून ठेवणे

दिवसभर रुग्णांत गुंतलेला डॉक्टर घरचे आर्थिक व्यवहार बहुधा एकटाच पाहतो. विमापत्रे, ठेवी, डीमॅट खाते, दवाखान्याचे कर्ज, रुग्णालयांकडील येणी यांची यादी जोडीदाराला ठाऊक नसेल, तर कष्टाची कमाई असूनही कुटुंब रिकाम्या हाताने बसते. दहा वर्षे कोणीही न मागितलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या शोधण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू करावे लागले.

केवळ नामनिर्देशनही पुरेसे नाही. शेअरच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, वारसाहक्क कायम राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे इच्छापत्र हवे. गोव्यात सक्तीच्या वारसांचा हिस्सा कायद्याने राखीव असल्याने ते जाणकाराच्या सल्ल्याने केलेले बरे.

यादी तयार करायला एक सायंकाळ लागते आणि वर्षातून एकदा ती तपासायला तासभर. इतर सर्व निर्णय लांबणीवर पडले, तरी डॉक्टरांच्या घरात हे एक काम याच आठवड्यात होऊ शकते.