हे खरे आहे काय? : प्रश्नोत्तराच्या तासाविषयीचे गैरसमज

अधिवेशन भरलं की संध्याकाळच्या बातम्यांत विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणा दिसतात, फलक दिसतात, सभात्याग दिसतो. त्याच दिवशी सकाळी सदस्यांच्या हातात प्रश्नोत्तरांची छापील यादी पडलेली असते. रखडलेला रस्ता, न मिळालेला पीकविमा, नदीत सोडलेलं सांडपाणी, असे प्रश्न तिच्यात ओळीने मांडलेले असतात आणि समोर त्या खात्याच्या मंत्र्याचं उत्तर असतं. ही यादी बातम्यांत क्वचितच येते. सरकारला खरा जाब विचारला जातो तो बहुतेक वेळा तिथेच, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या कामाविषयी कानावर येणारे काही समज तपासून घेतलेले बरे.

“आमदार-खासदार उठतात आणि मंत्र्याला अचानक गाठतात”

प्रश्न अचानक येत नाही. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाबद्दल किंवा नुसतं मत मागणारा प्रश्न स्वीकारला जात नाही. कोणत्या मंत्रालयाचा वार कोणता हे ठरलेलं असतं. आलेल्या सूचनांचा क्रम सोडत काढून लावतात. त्यातून एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात. राज्यसभेत हा आकडा १५ आणि १६० असा आहे. तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर, अतारांकित म्हणजे फक्त लेखी.

मंत्र्याला तयारीला वेळ मिळतो, यात गैर काही नाही. सातशेहून अधिक जिल्ह्यांचे आकडे कोणाच्या तोंडावर नसतात. मंत्र्याची कसोटी लागते ती पूरक प्रश्नात. तारांकित प्रश्नाचं उत्तर आलं की प्रश्नकर्ता आणि पाठोपाठ इतर सदस्य उपप्रश्न विचारतात, आणि ते आधी कळवलेले नसतात. मंत्र्याने फाईल वाचली आहे की सचिवांनी लिहून दिलेला कागद नुसता वाचला, हे तिथे दोन मिनिटांत कळतं.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदे कौन्सिलांतल्या सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तर ऐकून गप्प बसायचं, पूरक प्रश्न नाही. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये आणि गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले ते याच नियमाखाली. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची मुभा दिली आणि १९१९ नंतर ती इतरांनाही मिळाली.

“तोंडी उत्तर मिळालं नाही, म्हणजे प्रश्न वाया गेला”

हा सगळ्यात नुकसान करणारा समज आहे, आणि कार्यकर्त्यांमध्येही तो आहे. लोकसभेत यादीतल्या २० तारांकित प्रश्नांपैकी एका तासात बहुधा चार-पाचच तोंडी होतात. गोंधळ झाला तर एकही नाही. पण उरलेल्यांची उत्तरं बुडत नाहीत. ती लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात आणि कामकाजाचा कायमचा भाग होतात.

आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेतला प्रश्न कसा असतो ते बघण्यासारखं आहे. समजा, एखाद्या तालुक्यातला पूल अर्धवट पडून आहे. यादीत त्याचं रूप साधारण असं होतं: “सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) सदर पुलाचे काम रखडल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

भाषा जुनाट वाटते, पण बांधणी पक्की आहे. पहिल्या भागात सरकारला वस्तुस्थिती मान्य किंवा अमान्य करावी लागते. शेवटच्या भागात, काही केलं नसेल तर का केलं नाही, हे सांगावं लागतं. मंत्रालयात ‘एलएक्यू’, म्हणजे विधानसभेतला प्रश्न, आला की कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवांपर्यंत सगळे कामाला लागतात. माहिती जिल्ह्यातून, तिथून तालुक्यातून मागवली जाते. कित्येकदा वर्षभर हललेली नसते ती फाईल या एका कागदामुळे हलते. ठेकेदाराला नोटीस जाते, पाहणीची तारीख लागते, कारण उत्तरात काहीतरी लिहायचं असतं.

उत्तर वाचायलाही सवय लागते. ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं, तर कोणता अंश खरा मानला हे पुढच्या ओळीत शोधावं. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य तर नीट थांबून वाचायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडमुळे संसदेत प्रश्नोत्तराचा तासच घेतला नाही, फक्त लेखी उत्तरं चालू ठेवली. घरी परतताना मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांबद्दल लोकसभेत विचारलं गेलं तेव्हा अशी आकडेवारी ठेवलेली नाही आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असं कामगार मंत्रालयाने लेखी कळवलं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस, दिल्लीच्या सीमांवरच्या आंदोलनात मरण पावलेल्या शेतकऱ्यांबद्दल विचारल्यावर कृषी मंत्रालयाचं उत्तर होतं की मंत्रालयाकडे नोंद नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

दोन्ही उत्तरं वाचून मला संताप आला होता. तरी ती आली हे महत्त्वाचं आहे. ‘मृत्यू झाले नाहीत’ असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. ‘आम्ही मोजले नाहीत’ असं सरकारने आपल्या तोंडाने, नोंदीवर सांगितलं. प्रश्न विचारलाच नसता तर हे कागदावर कधी आलं नसतं. आणि २०२० मध्ये तोंडी तास झाला असता, तर ‘का मोजले नाहीत?’ हा पूरक प्रश्न कोणी ना कोणी विचारला असता. तो तास रद्द झाल्याने गमावलं ते हे.

“मंत्री म्हणजे सरकार, कोणालाही काहीही विचारावं”

चांगले प्रश्न सर्वाधिक वाया जातात ते इथे. कांद्याचं उदाहरण घ्या. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले की शेतकरी म्हणतो, कृषिमंत्र्यांना विचारा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं ते अर्थ मंत्रालयाने. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने, आणि मे २०२४ मध्ये ती उठली तीही तिथूनच. राखीव साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था कांदा विकत घेतात तो ग्राहक व्यवहार खात्यासाठी. केंद्रीय कृषी मंत्रालयाकडे लागवड आणि उत्पादनाचे अंदाज मिळतात. बाजार समितीतला कारभार राज्याच्या पणन खात्याकडे. चुकीच्या मंत्र्याला विचारलं, तर उत्तरात दोन ओळींची टोलवाटोलवी येते आणि अधिवेशन संपून जातं. ज्याला शेतीचं धोरण कळतं तो खासदार एकाच विषयावर चार मंत्रालयांना चार वेगळे प्रश्न टाकतो आणि मग उत्तरं शेजारी शेजारी ठेवतो. शुल्क लावताना उत्पादनाचा कोणता अंदाज धरला होता, हे अर्थ खात्याला विचारायचं आणि तोच अंदाज कृषी खात्याकडूनही मागायचा. दोन आकडे जुळले नाहीत, तर पुढच्या प्रश्नाला बळकटी येते.

रस्त्यांचंही तसंच. मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६. कोकणी माणसाच्या दोन पिढ्यांचा गणपतीचा प्रवास याच रस्त्यावर होत आला आहे. यातला पनवेल ते इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे राहिला, आणि तिथून खाली झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. पैसा केंद्राचा, यंत्रणा राज्याची. त्यामुळे खासदार दिल्लीत विचारतो तेव्हा राज्याकडे बोट दाखवणं सोपं, आणि आमदार इथे विचारतो तेव्हा केंद्राकडे. ही पळवाट बंद करायची, तर प्रश्नात टप्प्याचं नाव, किलोमीटरचे आकडे आणि ठेका कोणत्या कार्यालयाने दिला हे लिहावं लागतं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती आणि पाणी राज्यांकडे आहेत. वनं आणि वन्यजीव १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. म्हणूनच जंगलतोडीबद्दल दोन्हीकडे विचारता येतं. नद्यांच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषित पट्ट्यांची यादी काढतं. २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पण कारखान्याला संमतिपत्र देतं ते राज्याचं मंडळ, आणि शहराचं सांडपाणी प्रक्रिया न करता सोडते ती महापालिका, जी नगरविकास खात्याखाली येते. पर्यावरणमंत्र्याला एकट्याला धरून नदी साफ होत नाही.

“प्रश्न विचारणं हे विरोधकांचं काम”

सत्ताधारी बाकावरचे सदस्यही प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवेत. फक्त मंत्री स्वतः प्रश्न विचारू शकत नाहीत.

“उत्तरात काहीही सांगितलं तरी पुढे काही होत नाही”

‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘बाब विचाराधीन आहे’ अशी उत्तरं लोक हसून सोडून देतात. संसदेत अशा वाक्यांना आश्वासन मानतात आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून हेच तपासते, आणि आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. अनेक आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, ही वस्तुस्थिती आहे. पण ती कोणत्या खात्याची आणि किती जुनी, याचा हिशेब ठेवला जातो. उत्तर चुकीचं असेल तर सदस्य अध्यक्षांना लिहून मंत्र्याकडून खुलासा मागू शकतो. समाधान झालं नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते.

एका प्रश्नाने काय होऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण १९५७ चं आहे. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. सप्टेंबरमध्ये डॉ. राम सुभग सिंग यांनी लोकसभेत त्याबद्दल प्रश्न विचारला. उत्तराने समाधान झालं नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी, सत्ताधारी काँग्रेसचे खासदार असून, कागदपत्रांनिशी ते प्रकरण सभागृहात उलगडलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

“ज्याचे प्रश्न जास्त, तो लोकप्रतिनिधी चांगला”

प्रगतिपुस्तकासारखे आकडे आता सर्रास छापून येतात. त्यावर विसंबू नये. एकाच आशयाचे प्रश्न आले की ते एकत्र केले जातात आणि एका प्रश्नाखाली अनेक नावं येतात. प्रत्येकाच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. सोडतीत नशीब असतं. ३० नोव्हेंबर २००९ रोजी तर लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास लवकर आटोपावा लागला, कारण यादीत नावं असलेले तीसहून अधिक सदस्य हजरच नव्हते.

याहून वाईटही घडलं आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि त्यांना जावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये याच कारणाने दोन्ही सभागृहांतले मिळून ११ खासदार काढले गेले. आकड्यांत असे प्रश्नही मोजले जातात.

मी बघतो ते सातत्य. मधु दंडवते १९७१ पासून राजापूरचे खासदार होते आणि कोकण रेल्वेचा विषय त्यांनी कधी खाली ठेवला नाही. १९७७ मध्ये ते स्वतः रेल्वेमंत्री झाले, म्हणजे उत्तर देण्याच्या बाकावर गेले, तेव्हाही तो सोडला नाही. संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला तो १९९८ मध्ये. एवढा काळ एकच विषय लावून धरण्याची किंमत प्रश्नांच्या संख्येत मोजता येणार नाही.

“यात सामान्य माणसाचं काही काम नाही”

आहे. संसदेतली उत्तरं संकेतस्थळावर मंत्रालय, सदस्य आणि तारखेनुसार शोधता येतात. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्याही मिळतात. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही, असं २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात लिहिलं होतं. वैयक्तिक माहितीविषयीच्या त्या कलमात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बदल केला आणि हे वाक्य गळालं. त्यामुळे सदस्यामार्फत प्रश्न विचारण्याचं महत्त्व पूर्वीपेक्षा वाढलं आहे.

आमदाराकडे जाताना ‘रस्ता खराब आहे’ एवढं निवेदन नेलं, तर त्यातून प्रश्न तयार होत नाही. कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख, काम पूर्ण करायची मुदत, कार्यालयाचं नाव आणि तारखेसह दोन फोटो न्या. पीकविम्याचं असेल, तर महसूल मंडळाचं नाव, हंगाम, नुकसानीची सूचना दिल्याची तारीख आणि मिळालेला पोच क्रमांक. नदीचं असेल, तर नाला कुठे मिळतो ते ठिकाण आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे केलेल्या तक्रारीची प्रत. हे सगळं अधिवेशनाच्या तोंडावर नको, प्रश्नांच्या सूचना देण्याची मुदत संपण्याच्या पुरेसं आधी पोचवा. उत्तर आलं की त्याची प्रत मागून घ्या आणि त्यात लिहिलेल्या मुदतीची तारीख उलटली की तीच प्रत घेऊन पुन्हा त्याच दारात जा.