लंगडणारा बैल: उपचार, विश्रांती की निवृत्ती?

घोड्याच्या लंगडण्यावर जगभर भरपूर काम झालंय, कारण शर्यतीच्या घोड्यामागे पैसा आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात मात्र पाय दुखावलेलं जनावर म्हटलं की डोळ्यांपुढे बैल येतो. तोही आर्वी, कारंजा, आष्टी भागातला गवळाऊ असेल तर हलका, चपळ, बंडीला जुंपला की भरभर चालणारा. म्हणून आज घोड्यावर झालेलं काम हाताशी घेऊन बोलू, पण बैलाबद्दल.

महिना उलटला, इंजेक्शनं झाली, तरी बैल लंगडतोच आहे. आता काय? आमचं पहिलं म्हणणं असं, की औषध बदलण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा. बैलाला सपाट जागेवर चालवा आणि डोक्याकडे बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. मागचा पाय असेल तर मागून बघायचं, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग एकदा डांबरी रस्त्यावर आणि एकदा वखरलेल्या भुसभुशीत वावरात चालवा. कडक जमिनीवर जास्त लंगडला तर संशय खुरावर. मऊ जमिनीत जास्त लंगडला तर शिरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, ज्याला डॉक्टर टेंडन म्हणतात. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. पण डॉक्टरांना सांगायला फार उपयोगी पडतो.

खूर नेहमी आधी तपासायचा. दोन खुरांच्या बेचक्यात रुतलेला काटा, तळव्यात घुसलेला खिळा, आत साचलेला पू या गोष्टी महिनोन्‌महिने लंगडवतात आणि सापडल्या की थोड्या दिवसांत सुटतात.

दुसरा एक प्रकार आपल्याकडे ओढकामाच्या जनावरांत बराच दिसतो. सकाळी उठल्यावर मागचा पाय ताठ होतो, खूर जमिनीवर घासत येतो, मग एकदम झटका बसून पाय सुटतो. चार पावलं चालला की बरा वाटतो. इथे गुडघ्याची वाटी वर अडकलेली असते. (जनावराच्या मागच्या पायाचा गुडघा वर, पोटाच्या लगत असतो, पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट!) यात विश्रांती देऊन बसण्यात अर्थ नाही. जागा बधिर करून वाटीचा आतल्या बाजूचा बंध कापतात. शस्त्रक्रिया छोटी आहे आणि पुष्कळ जनावरं लगेच मोकळी चालू लागतात.

खरी परीक्षा शिरेची. शीर फाटली की पहिले काही दिवस सूज, मग साधारण सहा आठवडे नवीन धागे भरणं आणि पुढे कित्येक महिने ते धागे ओढीच्या दिशेने लागून मजबूत होणं, असा क्रम असतो. सूज उतरली, लंगडणं थांबलं, म्हणजे शीर भरली असं नव्हे. आणि वेदनाशामक दिलं की बैल बरा दिसतो. तेवढ्यावर डवऱ्याला जुंपला की शीर पुन्हा फाटते. जाता जाता सांगतो, डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर 2006 पासून बंदी आहे. मेलेल्या जनावरातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली.

डाग देण्याचं काय? गावोगाव देतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांवर हे तपासलं, 1983 मध्ये निष्कर्ष छापले, आणि डागण्याने शीर भरायला मदत झाल्याचं दिसलं नाही. आमच्या मते गुण येतो तो डागानंतर मिळणाऱ्या सुट्टीचा. ती सुट्टी डाग न देताही देता येते की!

घोड्यांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मोजून चालवणं. नुसता बांधून ठेवायचा नाही आणि मोकाटही सोडायचा नाही. सूज उतरल्यावर दाव्याने धरून रोज पाच-दहा मिनिटं, मग दर आठवड्याला थोडी वाढ. शर्यतीच्या घोड्याला पुन्हा पूर्ण धावायला नऊ ते बारा महिने देतात. बैल धावत नाही, ओढतो, म्हणून पायऱ्या वेगळ्या: आधी नुसतं चालणं, मग रिकामी बंडी, मग हलकं वखर कोरड्या जमिनीत, आणि पावसाळ्यातली चिकट काळी माती सगळ्यात शेवटी. मध्ये पाय गरम लागला किंवा सुजला तर एक पायरी मागे. सोनोग्राफी किंवा एक्स-रेची गरज पडली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे.

आता हिशेब. मृगापासून उलटं मोजा. दिवाळीत पाय गेला असेल तर हातात सातेक महिने आहेत, प्रयत्न करण्यासारखा आहे. आषाढात डवरणीच्या वेळी गेला, तर हा हंगाम त्याच्यासाठी संपला. डवरणी भाड्याने करून घ्या. जोडीतल्या दुसऱ्या बैलाचाही विचार करा, एक लंगडा असला की जुवाचा भार वाकडा पडतो आणि दुसऱ्याचा खांदा सुजतो.

बैल कामाचा राहणारच नसेल तर? मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे कसायाकडची वाट कायद्याने बंद. म्हणजे चारा-पाणी मालकाच्या अंगावर, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते सोपं नाही, हे व्याख्यानातून नाकारण्यात अर्थ नाही. शर्यतीतून सुटलेला बैल घरच्या हलक्या बंडीला चालू शकतो. तेही नसेल तर पांजरपोळ किंवा गोशाळेत जागा मिळते का, हे आधी विचारून ठेवावं.

आणि वेदना थांबतच नसतील, जनावर उठूच शकत नसेल तर? हा प्रश्न जुना आहे. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच तळमळत होतं, बरं होण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं आणि देशभर वादळ उठलं. पुढे तेच गांधीजी सेवाग्रामला आले आणि वर्ध्यात जमनालाल बजाजांनी शेवटचे दिवस गोसेवेला दिले. दोन्ही गोष्टी एकाच परंपरेतल्या आहेत. तुमच्या गोठ्यात ती वेळ आली तर एकट्याने ठरवू नका. डॉक्टरांना बोलवा, आणि तिथे एकच प्रश्न विचारा: याची वेदना कमी होण्याची वाट खरंच शिल्लक आहे का?

नालाबद्दल चिठ्ठी आली आहे. पाय भरेपर्यंत झिजलेली नाल काढून टाका आणि खूर साळून घ्या. नवीन नाल रस्त्यावरचं काम सुरू होईल तेव्हाच.