‘जरी–तरी’ आणि इंग्रजीतील विरोधवाचक शब्द

मराठीभाषी संशोधकाने इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधात ‘ऑल्दो’ने आरंभ झालेल्या वाक्याच्या मध्यावर ‘बट’ उभा असलेला पुष्कळदा आढळतो. परीक्षक तो तांबड्या शाईने खोडतो, विद्यार्थी खजील होतो आणि प्रकरण तेथेच मिटते. वाक्य त्यामुळे शुद्ध होते खरे. परंतु तो ‘बट’ तेथे आला कसा, याचा उलगडा होत नाही, आणि पुढील प्रकरणात तो पुन्हा अवतरतो.

त्याचे मूळ मराठीच्या वाक्यरचनेत आहे. संस्कृतातील ‘यद्यपि–तथापि’ प्रमाणे मराठीतील ‘जरी–तरी’ ही जोडी विरोधाची नोंद दोन्ही वाक्यांत करते. त्यातही ‘जरी’ गाळता येते, ‘तरी’ गाळता येत नाही. ‘पाऊस पडला तरी पीक आले नाही’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. पण ‘जरी पाऊस पडला, पीक आले नाही’ हे अर्धवट वाटते. इंग्रजीची व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथे खूण गौणवाक्यावर हवीच, आणि मुख्यवाक्य उघडे राहू शकते. हे उघडेपण मराठी कानाला सोसवत नाही; म्हणून ‘तरी’ची रिकामी जागा ‘बट’ने भरली जाते. ही चूक निष्काळजीपणाची नसून मातृभाषेच्या नियमाशी असलेल्या निष्ठेची आहे, असेच म्हणावे लागेल.

त्या जागी ‘येट’ घातला असता तर दोष इतका गंभीर ठरला नसता. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘दो–येट’ ही जोडी आहेच. आज ती जुनाट वाटते एवढेच. ‘बट’ मात्र समान दर्जाची वाक्ये जोडणारा, आपल्या व्याकरणकारांच्या परिभाषेत प्रधानत्वसूचक उभयान्वयी होय. एक वाक्य गौण ठरविल्यावर त्याला तेथे काम उरत नाही.

याहून घातक चूक मात्र परीक्षकाच्या नजरेतून सुटते, कारण ती व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असते. ‘ऑल्दो’ म्हणजे ‘तरी’ असे समीकरण ज्याच्या मनात बसले आहे, तो ‘शब्द फारसी असला तरी रूप मराठी आहे’ हे विधान इंग्रजीत नेताना ‘द वर्ड इज पर्शियन, ऑल्दो द फॉर्म इज मराठी’ असे लिहितो. येथे लेखकाचा सिद्धान्त रूपाच्या मराठीपणाविषयी होता; वाक्याने मात्र तो शब्दाच्या फारसीपणाला बहाल केला आणि मूळ प्रतिपाद्य कबुलीच्या पातळीवर आणून ठेवले. मौखिक परीक्षेत या वाक्यावर प्रश्न आला, तर उमेदवाराला स्वतःच्याच लेखनाविरुद्ध बोलावे लागेल. ‘ऑल्दो’ हा ‘जरी’चा समानार्थी आहे, ‘तरी’चा नव्हे, आणि तो मान्य केलेल्या गोष्टीच्याच मागे उभा राहतो, मग ते गौणवाक्य आधी येवो वा नंतर.

‘बट’च्याही अर्थाचे पदर आहेत. रॉबिन लेकॉफ यांनी १९७१ मध्ये त्याचे दोन उपयोग वेगळे केले: एक निव्वळ तुलनेचा, दुसरा अपेक्षाभंगाचा. ‘थोरला उंच आहे, पण धाकटा ठेंगणा आहे’ यात कोणाचीही अपेक्षा मोडत नाही. ‘तो श्रीमंत आहे, पण सुखी नाही’ यात मोडते. पहिल्या अर्थी मराठीत ‘तर’ही चालतो आणि इंग्रजीत ‘व्हाइल’ किंवा ‘व्हेअरॲज’ अधिक नेमका ठरतो. तिसरा उपयोग निराकरणाचा. जर्मन भाषेत त्यासाठी ‘आबर’हून निराळा ‘झोंडर्न’ हा शब्द आहे. मराठीही येथे ‘पण’ वापरीत नाही. ‘हे नाम नव्हे, तर विशेषण आहे’ असे म्हणते. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी ‘बट’ खपतो. त्यामुळे इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरांत ‘नाम नव्हे पण विशेषण’ अशी विजोड वाक्ये शिरतात. उसनवारीचे दोष एकाच दिशेने वाहतात असे नाही.

‘डिस्पाइट’विषयी थोडक्यात सांगता येईल. त्याच्यापुढे नाम वा नामासारखे रूप हवे, पूर्ण वाक्य नव्हे. आणि त्याला ‘ऑफ’ची जोड लागत नाही. मराठीतील ‘-ऊनही’ त्याच्या जवळचे आहे. परंतु ‘पाऊस पडूनही पीक आले नाही’ यात दोन कर्ते सुखाने नांदतात. ‘डिस्पाइट’नंतर नुसते ‘-इंग’ रूप ठेवले, तर त्याचा कर्ता मुख्यवाक्यातूनच घेतला जातो आणि पाऊस पाडण्याचे काम पिकाकडे जाते.

उरला ‘हाउएव्हर’. तो क्रियाविशेषण असल्यामुळे केवळ स्वल्पविरामाच्या आधारे दोन वाक्ये जोडण्याची त्याची ऐपत नाही. तेथे पूर्णविराम वा अर्धविराम हवा. विद्यार्थी तो ‘परंतु’ समजून सर्रास वाक्यारंभी ठेवतात. त्यात चूक नाही, पण त्याचे खरे नाते आपल्या ‘मात्र’शी आहे. ‘पाऊस पडला, पीक मात्र आले नाही’ यातील ‘मात्र’ ज्या शब्दाला चिकटतो, त्यालाच उठाव देतो. ‘इट रेन्ड; द क्रॉप, हाउएव्हर, फेल्ड’ या वाक्यात दोन स्वल्पविरामांमध्ये बसलेला ‘हाउएव्हर’ नेमके तेच करतो.