परांचीवरचा माणूस कोणाचा?

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली गाडी वाटेत पापनाशमला थांबते. तिरुनेलवेलीकडे याच नावाचे आणखी एक गाव आहे. हे कावेरीच्या फाट्यांमधले, भातशेतीने वेढलेले पापनाशम. व्यंकोजीराजांच्या वंशाने १८५५ पर्यंत जिथे गादी सांभाळली, त्या तंजावरपासून ते जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे नाव संगीतकार पापनाशम शिवन यांच्यामुळे ठाऊक असते. गावात पाहण्यासारखी आणखी एक वास्तू आहे. तिरुप्पालैत्तुरै भागातल्या शिवमंदिराजवळ नायक राजांच्या काळातले, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले विटांचे धान्यकोठार उभे आहे. त्याची उंची सुमारे ३६ फूट. एवढ्या उंचीवर डोक्यावरून विटा वाहून नेणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणी सांगू शकणार नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांत मुख्य स्थपतीचे नाव तरी कोरलेले आहे. मजुराच्या वाट्याला तेही कुठे येत नाही.

तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट सोडून द्यावी म्हटले, तर आज तरी वेगळे काय आहे?

या भागातल्या कुठल्याही छोट्या गावात घर बांधायला निघाले की सकाळी एक ओळखीची मंडळी जमते. विटा रचणारा गवंडी म्हणजे ‘कोत्तनार’. घमेली वाहणारी, पाणी मारणारी बाई किंवा पोऱ्या म्हणजे ‘सित्ताळ’. आणि सगळ्यांना बोलावून आणणारा, हिशेब ठेवणारा तो ‘मेस्त्री’. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सुरूच्या सोटांची दोरीने बांधलेली परांची उभी राहते, तिला तिथे ‘सारम’ म्हणतात. पायात चप्पल नाहीतर तेही नाही, डोक्यावर टॉवेलची चुंबळ. सातारा असो की तंजावर, चित्र एकच.

या माणसांचा मालक कोण? घरमालकाला विचारा, तो म्हणेल, काम मी मेस्त्रीला दिले आहे. मेस्त्री म्हणेल, मी यांच्यातलाच एक, मला रोजावर थोडे जास्त मिळते एवढेच. काम मोठ्या कंपनीचे असेल तर साखळी आणखी लांबते. कंपनीचा ठेकेदार, ठेकेदाराचा उपठेकेदार, त्याचा मुकादम आणि मुकादमाने गावाहून आणलेली पंधरा माणसे. काम सुरळीत चालू असेपर्यंत यात कोणाला काही खटकत नाही. माणूस खाली पडला की मात्र साखळीतला प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

आत किती माणसे होती?

२८ जून २०१४. चेन्नईच्या मौलिवाक्कम भागात अकरा मजली इमारतीचे काम अखेरच्या टप्प्यात होते. दिवस शनिवारचा, म्हणजे आठवड्याच्या पगाराचा. बाहेर जोराचा पाऊस होता. संध्याकाळी ती अख्खी इमारत जागच्या जागी बसली. ६१ जण दगावले, २७ जणांना जिवंत बाहेर काढण्यात आले. मजुरांपैकी बरेच आंध्र प्रदेशाच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांतून आलेले होते. वीज पडल्याने हे घडले, असे सुरुवातीला सांगितले गेले. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती आर. रघुपती यांचा चौकशी आयोग नेमला आणि दोष बांधकामातच असल्याचे पुढे आले. शेजारचा दुसरा मनोरा २ नोव्हेंबर २०१६ रोजी स्फोटकांनी पाडावा लागला.

त्या रात्री बचाव पथकांपुढे एक साधा प्रश्न होता. ढिगाऱ्याखाली नेमकी किती माणसे आहेत? खात्रीचा आकडा कोणाच्याच हाती नव्हता. बांधकामावरची सुरक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिवळे हेल्मेट येते. ते हवेच. पण त्याआधी हवा तो हजेरीपट, ज्यात माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि घरचा पत्ता लिहिलेला असेल. ज्याचे नाव लिहून घेतले, त्याची जबाबदारी घेतली. ज्याचे लिहिले नाही, तो कामावर होता हे सिद्ध करायलाच त्याच्या बायकोला कोर्टकचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

बांधकाम मजुराला कायद्यात ओळख मिळवून देण्याची धडपड बऱ्याच अंशी याच तामिळनाडूत झाली. १९७९ मध्ये तिथे बांधकाम मजुरांची संघटना उभी राहिली. १९८२ मध्ये राज्याने अंगमेहनतीच्या कामगारांसाठी कायदा केला आणि त्याच्या आधारे १९९४ मध्ये बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ स्थापन झाले. दरम्यान १९८५ मध्ये देशभर एकच कायदा असावा यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली होती. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासारखा माणूस तिच्या पाठीशी होता. संसदेत कायदा व्हायला १९९६ उजाडले.

या कायद्याने कंपनीवर टाकलेल्या जबाबदाऱ्या वाचल्या की वाटते, एवढे जरी झाले असते! पिण्याचे पाणी, संडास, प्रथमोपचाराची पेटी. कामाच्या ठिकाणी राहण्यासाठी मोफत तात्पुरती घरे. पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर. पाचशे मजूर असतील तिथे सुरक्षा समिती. अपघात टाळण्यासाठी सतत देखरेख ठेवणे हे मालकाचे काम, आणि ठेकेदाराने मजुरी किंवा भरपाई दिली नाही तर ती वरच्या मालकाने भरायची. म्हणजे साखळीतल्या बोटे दाखवण्याला कायद्याने केव्हाच उत्तर दिले होते. पण सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल शिक्षा किती? तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांत आज चांगली हेल्मेटेसुद्धा मोजकीच येतात.

पैशाची सोयही केलेली होती. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होतो आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. ३७ हजार कोटींहून अधिक रुपये जमले आणि खर्च झाले सुमारे साडेनऊ हजार कोटी, असे चित्र त्याच राष्ट्रीय समितीने चालवलेल्या खटल्यात दिसले. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सरकारांना खडे बोल सुनावले. पैसा तिजोरीत होता, पण ज्याला द्यायचा त्याचे नाव यादीत नव्हते. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ज्या मुकादमाच्या वहीत आडनावही नाही, तो दाखला कसला देणार?

आपल्या दारात

दक्षिणेकडे बोट दाखवून मराठी वाचकाने निश्चिंत व्हावे, असे काही नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्याच्या कोंढव्यात पावसाने एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळली. भिंतीपलीकडे, खालच्या बाजूला नव्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. १५ जण गाडले गेले, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक बिहारचे. त्यांच्यापैकी कोणी परांचीवर नव्हते, कोणी उंचावर नव्हते, सगळे झोपलेले होते. मजुरांना राहायला जागा द्यायची म्हणजे नुसते चार पत्रे उभे करायचे नसतात. ते कुठे उभे करायचे, ही सुद्धा सुरक्षेचीच बाब आहे.

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. मृतांमध्ये तामिळनाडूतून आलेलेही होते. गुन्हा दाखल झाला तो दोन उपठेकेदारांवर. ठाण्याच्या बाळकुममध्ये १० सप्टेंबर २०२३ रोजी चाळीस मजली इमारतीवरची बांधकामाची लिफ्ट खाली आली, तेव्हा सात जण गेले. घटनास्थळी मंत्री पोचतात, मदतीचे आकडे जाहीर होतात, आठवड्याभरात बातमी आतल्या पानावर जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. तिच्यात काही गोष्टी नक्कीच जमेच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यायचे, म्हणजे नाव कागदावर आलेच. अडीचशे मजूर असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमायचा. हा आकडा आधी पाचशे होता. मालकाने कर्तव्य चुकवल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. समोर गंभीर धोका दिसत असेल तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला आहे. दुसऱ्याच दिवशी ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे ऐकावे लागणार नाही, याची हमी मात्र कागद देत नाही.

आणि पापनाशमचे ते घर? ते या संहितेच्या बाहेरच राहते. दहापेक्षा कमी मजूर असलेले बांधकाम तिच्यात मोडत नाही. स्वतःला राहण्यासाठी बांधलेल्या घराचा खर्च पन्नास लाखांपर्यंत असेल तर तेही नाही. १९९६ च्या कायद्यात ही मर्यादा दहा लाख होती. म्हणजे गावोगावची, तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक घरे वगळली गेली. पडणाऱ्याला मात्र घर किती लाखांचे आहे, याने काही फरक पडत नाही. नुकसानभरपाईचे दायित्व मजूर थोडे आहेत म्हणून ठेकेदाराच्या डोक्यावरून उतरत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. जिथे निरीक्षक फिरकणार नाही, तिथे घर बांधणाऱ्या कुटुंबालाच दोन डोळे उघडे ठेवावे लागतात.

त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. ठेकेदाराशी चिठ्ठी करताना सिमेंटच्या कंपनीचे नाव, टाइल्सचा भाव आपण आवर्जून लिहून घेतो. त्याच कागदावर मजुरांची नावे, विमा आणि हेल्मेट, पट्टे कोण देणार हेही लिहिता येते. सरकारी बांधकामांच्या करारात बारा फुटांच्या वरच्या परांचीला तीन फूट उंचीचा कठडा बंधनकारक असतो. आपल्या घराला तो नको, असे कुठे आहे? स्लॅबच्या टेकूंची घाई बहुधा मालकच करतो, कारण मुहूर्त ठरलेला असतो. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस आणि त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. मोठ्या तुळयांना एकवीस दिवस. पायाचे चर पाच फुटांहून खोल गेले की कडेला आधार हवा आणि उकरलेली माती काठावर रचायची नाही. कावेरीच्या गाळाच्या जमिनीत ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात चर ढासळायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडची काळी माती काही त्याहून दयाळू नाही. गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी सळ्या वर चढवण्यापूर्वी वीज मंडळाला कळवून प्रवाह बंद करून घ्यायचा.

एका धोक्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण तो दिसत नाही. नवीन सेप्टिक टँकचा स्लॅब भरून झाला की आतल्या फळ्या दोन-तीन आठवड्यांनी काढतात. टाकीत अजून घाण पाणी सोडलेलेच नसते, त्यामुळे धोका कसला, असे सगळ्यांना वाटते. पण बंद टाकीत ओल्या लाकडाने, साचलेल्या पाण्यातल्या कुजण्याने प्राणवायू संपलेला असतो. पहिला माणूस उतरतो आणि आवाजही न करता कोसळतो. त्याला चक्कर आली असे समजून दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा अपघातांत एकाच घरचे दोन-तीन जण जातात, ते यामुळे. दोन्ही झाकणे आदल्या दिवसापासून उघडी ठेवायची, पंख्याने आत हवा खेळवायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचे टोक वरच्या माणसाच्या हातात. आणि आतल्याने हाक दिली नाही तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, दोर ओढायचा. एवढ्याला फार तर पाच-सातशे रुपये आणि एक दिवस लागतो.

संध्याकाळी काम सुटते. हौदावर हातपाय धुऊन मंडळी मेस्त्रीभोवती जमतात. तो खिशातून दुमडलेली वही काढतो. तीत प्रत्येकाच्या नावाचे पहिले अक्षर, पुढे अर्धा किंवा पूर्ण दिवस आणि कोणी किती उचल घेतली त्याचा आकडा. गावाचे नाव नसते, घरच्या कोणाचा फोन नंबर नसतो. त्यासाठी पानावर जागा मात्र पुष्कळ रिकामी असते.