पहिला कॅमेरा, पहिलं कार्ड

पावसाळ्यात कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांसमोर धबधबा कोसळतो. आत अंधार, बाहेर तुषार. अशा जागी मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा सेन्सरचा आकार आणि पाण्या-धुळीला दाद न देणारी बांधणी कामी येते.

कार्डावरचा ‘व्ही३०’ म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाच्या वेगाचा असतो. त्याला भुलू नये. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेलं फोर-के चित्रण तासाला ४५ गिगाबाइट गिळतं.

कॅमेरा सेकंडहँड आहे? एसडीएचसी कार्डं ३२ गिगाबाइटपर्यंतच असतात. त्यापुढची एसडीएक्ससी फार जुना कॅमेरा स्वीकारत नाही.

खोपोलीच्या झेनिथ धबधब्याला (बंदी नसेल तेव्हाच!) जाताना १२८चं एक कार्ड नेण्यापेक्षा ६४ची दोन न्यावीत. एक बिघडलं, तरी दुसऱ्यावरचे फोटो शाबूत राहतात.